माउंट आधी ठरवायचा, प्रिंट नंतर काढायची

तुझा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून थोडक्यात मांडतो. क्लबच्या प्रिंट स्पर्धेत तू मारबतीचा फोटो दिलास, म्हणजे संकटं-रोगराई घेऊन जावी म्हणून आपल्या नागपुरात मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तिचा. लॅबमधून १२ बाय १८ इंचाची बिनबॉर्डरची प्रिंट काढली आणि फ्रेमवाल्याकडून १६ बाय २० चा माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेली जाड बोर्डाची चौकट, करून घेतला. परीक्षकांनी फोटोचं कौतुक केलं, पण मांडणी कोंडल्यासारखी वाटते म्हणून गुण कापले. माउंटच्या चारही कोपऱ्यांत कापाच्या बारीक शेपट्या दिसत होत्या. पावसाळ्यात तीन आठवड्यांत प्रिंटला लाटाही आल्या. आता तू विचारतेस, "काका, कटर कोणता घेऊ आणि कोपरे स्वच्छ कसे येतील?"

दोन्हींचं उत्तर देतो. पण तुझ्या प्रिंटचं नुकसान कटरच्या आधीच, लॅबमध्ये फाईल दिली त्या दिवशी झालं होतं. म्हणून सुरुवात तिथून करतो.

हिशोब बघ. १६ बाय २० चा माउंट आडवा धरला आणि त्यात १२ बाय १८ ची प्रिंट ठेवली, तर डावी-उजवीकडे एकेक इंच उरतो आणि वर-खाली दोन-दोन. बाजूंना अरुंद पट्ट्या, वर-खाली दुप्पट रुंद. डोळ्याला हे लगेच खटकतं, कारण नजर दोन्ही बाजूंनी दाबली जाते. त्यात प्रिंटला बॉर्डर नाही, म्हणजे माउंटची खिडकी फोटोपेक्षा लहान कापावीच लागते, नाहीतर प्रिंट मागून सुटेल. फ्रेमवाल्याने प्रत्येक बाजूला तीन-चार मिमी फोटो खिडकीखाली घेतला. तुझ्या फोटोत उजव्या कडेला एका पोराचा वर केलेला हात आहे. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणताना उगारलेला तो हात म्हणजे त्या फोटोचा जीव आहे, आणि त्याच्या बोटांची टोकं माउंटखाली गेली आहेत. यात फ्रेमवाल्याला बोल लावता येत नाही. त्याला जी प्रिंट मिळाली तिला दुसरा इलाजच नव्हता.

तेव्हा पहिलं काम म्हणजे माउंटचं माप नक्की करणं. त्यावरून फोटोचं माप ठरेल आणि फाईल त्यानंतर बनेल. स्पर्धेचे नियम त्याच्याही आधी वाचायचे. १६ बाय २० इंच म्हणजे ४०६ बाय ५०८ मिमी हे माप पुष्कळ ठिकाणी चालतं, पण काही स्पर्धा आता बिनमाउंटच्याच प्रिंट मागतात. तिथे माउंट लावून पाठवला तर प्रिंट बाद होऊ शकते.

तुझ्या फोटोसाठी मी असं करेन. कागद १२ बाय १८ चाच घ्यायचा, पण त्यावर फोटो १० बाय १५ इंचाचा, मधोमध, भोवती पांढरी बॉर्डर ठेवून. ३०० पीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, फोटो ३००० बाय ४५०० पिक्सेल होतो आणि बॉर्डरसकट पूर्ण कॅनव्हास ३६०० बाय ५४००. लॅबवाल्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या: फाईल १०० टक्क्यांवर छापायची, कागदावर 'फिट' करायची नाही, आणि रंगात स्वतःहून दुरुस्ती करायची नाही. प्रिंट हातात आल्यावर काउंटरवरच पट्टी लावून फोटो मोजायचा. २५४ बाय ३८१ मिमी भरला पाहिजे. दोन-तीन मिमीचा फरक तिथेच कळला तर बरं, माउंट कापल्यावर कळून उपयोग नसतो.

आता खिडकी फोटोपेक्षा मोठी कापता येते. चारही बाजूंना ६ मिमी पांढरा कागद दिसू द्यायचा. खिडकी होते २६६ बाय ३९३. बोटं पूर्ण दिसतात आणि त्यांच्यापुढे थोडा श्वासही राहतो. माउंटच्या पट्ट्या मिमीमध्ये अशा येतात: डावी-उजवीकडे साडेसत्तावन्न, वर ६४, खाली ७६. खालची पट्टी मुद्दाम रुंद ठेवायची. चारही सारख्या ठेवल्या तर चौकट खाली घसरल्यासारखी दिसते, कारण डोळ्याला मध्यबिंदू खऱ्या मध्याच्या थोडा वर वाटतो. या मापाला १२ मिमीचा फरक पुरतो. वीस-पंचवीस केलास तर फोटोआधी माउंटकडे लक्ष जाईल.

उभ्या फोटोला हीच मापं फिरवून चालत नाहीत. १० बाय १५ चा उभा फोटो १६ बाय २० मध्ये ठेवला तर बाजूंना तीन-तीन इंच आणि वर-खाली मिळून पाचच इंच उरतात. त्यातून खाली जास्त दिलं की वरची पट्टी फार बारीक होते आणि डोकं छताला लागल्यासारखं वाटतं. फोटोला झेपत असेल तर तो १० बाय १४ ला क्रॉप कर. मग बाजूंना तीन-तीन, वर पावणेतीन, खाली सव्वातीन असं नीट बसतं. झेपत नसेल तर फोटो ८ बाय १२ चा कर, चारही बाजूंना चार-चार इंच येतात, आणि खिडकी थोडी वर सरकव. मोठी प्रिंट म्हणजे जास्त गुण ही समजूत आपल्याकडे फार आहे. मी कितीतरी लहान प्रिंट भरपूर मोकळ्या माउंटमध्ये वर आलेल्या पाहिल्या आहेत.

आता बोर्ड. चांगला माउंट बोर्ड साधारण १.४ मिमी जाडीचा असतो. शीट घेताना दुकानातच टेप लावून मोज. ३२ बाय ४० इंचाची शीट असेल तर १६ बाय २० चे बरोबर चार तुकडे निघतात, काही वाया जात नाही. ३० बाय ४० ची असेल तर दोनच निघतात आणि उरलेली पट्टी कामाची राहत नाही. दोन्ही शीट भिंतीला टेकवून ठेवल्या की सारख्याच दिसतात, म्हणून हे सांगतो. दुकानदाराकडून तिथेच चार तुकडे सरळ कापून घे. पूर्ण शीट स्कूटीवर धरून सीताबर्डीच्या बाजाराच्या गर्दीतून नेताना एक कोपरा जरी दुमडला तरी तो तुकडा गेलाच.

बोर्ड 'ॲसिड-फ्री' हवा आणि गाभा पांढरा हवा. साध्या पुठ्ठ्यात लाकडातलं लिग्निन राहतं. काळ जातो तशी त्यातून आम्लं तयार होतात, कापलेली तिरपी कड आधी पिवळी आणि मग तपकिरी पडते, आणि तोच रंग प्रिंटवर उतरतो. माझी एक जुनी प्रिंट मी साध्या पुठ्ठ्यावर सेलोटेपने चिकटवली होती. अंबाझरी तलावाच्या काठावरची, धुक्यातली, निगेटिव्ह आता नाही. काही वर्षांनी उघडली तेव्हा टेपचा चिकटपणा कागदात मुरून आकाशातून पिवळा पट्टा गेला होता. तो काढता आला नाही. तेव्हापासून सेलोटेप, फेव्हिकॉल आणि डबल टेप मी प्रिंटला लावत नाही, स्पर्धा उद्या असली तरी.

रंगाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: पांढरा किंवा किंचित ऑफ-व्हाइट. पण पांढऱ्यातही भेद आहेत. आजचे बहुतेक फोटो पेपर ब्राइटनरमुळे, म्हणजे शुभ्र दिसावेत म्हणून घातलेल्या रसायनामुळे, निळसर पांढरे असतात. त्याला क्रीम माउंट लावला तर कागद निळा दिसतो आणि माउंट मळका. तुझ्या बाबतीत तर ६ मिमी कागद उघडा राहणार आहे, म्हणून प्रिंट घेऊनच दुकानात जा. दारापर्यंत येऊन उजेडात दोन-तीन पांढरे बोर्ड तिच्याशेजारी धरून बघ. ट्यूबलाइटखाली निवडू नकोस. काळा माउंट रात्रीच्या फोटोला कधी शोभतो, पण त्यावर धुळीचा कण आणि बोटाचा ठसा लांबून दिसतो. रंगीत माउंटचा मोह तुला होईल, कारण पिवळी मारबत पिवळी आहे. मी एकदा तो करून पाहिला आहे. पिवळ्या मारबतीला जुळता पिवळा माउंट लावला. माउंट इतका बोलू लागला की फोटोतला पिवळा फिका पडला. पांढऱ्या माउंटमध्ये तोच पिवळा पुन्हा जिवंत झाला.

आता कापणं, ज्यासाठी तू विचारलंस.

कटर हातात धरायचा साधा बेव्हल कटर, म्हणजे तिरपा काप देणारा, घे, सोबत जाड स्टीलची पट्टी. ही पट्टी खिडकीच्या लांब बाजूपेक्षा बरीच लांब हवी. तुझ्या मापाला २४ इंची घे. वर्षाला दहा-बारा माउंट कापणाऱ्याला एवढं पुरे. रुळावर चालणारी मोठी मशीन चांगली असते, पण ती क्लबने मिळून घ्यावी. एकट्याच्या घरात ती वर्षातले अकरा महिने धूळ खाते. पैसे वाचतील त्यातून ब्लेडची मोठी डबी घे. खराब कापांचं सर्वांत मोठं कारण बोथट ब्लेड हेच आहे. मी दोन माउंटनंतर ब्लेड बदलतो आणि स्पर्धेच्या प्रिंटला नेहमी नवं लावतो.

शेपट्या का येतात ते समजलं की कोपरे जमतात. माउंट पाठीकडून कापतात. पाठीवर जी रेघ असते तिथे ब्लेड शिरतं, ४५ अंशांत तिरपं जातं आणि दर्शनी बाजूला बोर्डाच्या जाडीइतकं, म्हणजे साधारण १.४ मिमी, बाहेरच्या अंगाला निघतं. म्हणून पुढून खिडकी प्रत्येक बाजूला तेवढी मोठी असते आणि मधे तो पांढरा उतार दिसतो. याचा अर्थ, पाठीवर रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे थांबलीस तर पुढच्या बाजूला कोपरा कापलाच जात नाही. मग लोक तुकडा ओढतात आणि कोपरा फाटतो. छेदापुढे फार गेलीस तर दर्शनी बाजूला काप कोपऱ्याबाहेर जातो. त्याच तुझ्या शेपट्या. हिशोबाने १.४ मिमी पुढे जायचं. प्रत्यक्षात कटरनुसार दीड ते दोन मिमी लागतात. हे अंतर पुस्तकातून मिळत नाही. त्याच बोर्डाच्या उरलेल्या तुकड्यावर एक छोटी खिडकी काप, उलटून बघ, अंतर कमी-जास्त कर, आणि कोपरा बरोबर जुळला की तो आकडा कटरवरच चिकटपट्टीवर लिहून ठेव. ब्लेडची खोली किंवा बोर्डाची जाडी बदलली की चाचणी पुन्हा करायची.

आखणीच्या आधी बोर्डाचा काटकोन तपास. दोन्ही कर्ण मोजायचे. ४०६ बाय ५०८ ला कर्ण साधारण ६५० मिमी येतो आणि दोन्ही सारखे हवेत. बोर्ड तिरका असेल तर खिडकी कितीही नीट कापली तरी ती वाकडीच दिसेल. मग दर्शनी बाजू खाली करून पाठीवर टोकदार पेन्सिलने हलक्या रेघा मार, त्या कोपऱ्यांच्या पलीकडे लांब जाऊ देत, म्हणजे कुठून सुरू करायचं ते दिसतं. पाठीवर 'वर' असं लिहून बाण काढ. खालची पट्टी चुकून वर आखली गेली तर घाबरू नकोस. डावं-उजवं सारखंच आहे, कापल्यावर माउंट फिरवून घे.

बोर्डाखाली त्याच जाडीच्या बोर्डाचा एक लांब, न कापलेला तुकडा ठेव. ब्लेडची खोली एवढीच हवी की वरचा बोर्ड पूर्ण कापून खालच्यावर नुसता ओरखडा उठेल. खोली जास्त ठेवली तर लांब निघालेलं पातं शिरताना वाकतं आणि कापाच्या सुरुवातीला बारीकशी वाकडी कमान येते. लोक हाताला दोष देतात, चूक खोलीची असते. खालचा तुकडा दर कापाला थोडा सरकवायचा. जुन्या खाचेत ब्लेड पडलं तर ते तिच्या मागे जातं आणि दर्शनी बाजूला कड दातेरी निघते.

कापताना उभी राहा. डाव्या तळव्याने पट्टी पूर्ण वजनाने दाब आणि बोटं पट्टीच्या कडेच्या आत ठेव. ब्लेड छेदाच्या दीड मिमी आधी रोवायचं, एका दमात ओढायचं, छेदाच्या दीड मिमी पुढे थांबायचं आणि सरळ वर उचलायचं. दुसरा हात मारायचा नाही, दुसरा काप पहिल्यावर कधीच बरोबर बसत नाही. एक बाजू झाली की तू फिरू नकोस, बोर्ड फिरव. आतला तुकडा चारही वेळा पट्टीच्या त्याच अंगाला आला पाहिजे. एकदा जरी उलट धरलंस तर त्या बाजूचा उतार मागे जातो आणि पुढून पांढरी कड दिसत नाही.

चार काप झाले की बोर्ड हळूच उचल. आतला तुकडा टेबलावर राहिला पाहिजे. दर्शनी बाजूला तो खिडकीएवढाच मोठा असतो, म्हणून तो खालीच पडतो, वर येत नाही. एखाद्या कोपऱ्याला धरून राहिला तर ओढू नकोस. नवं सुटं ब्लेड घे, दर्शनी बाजूने त्या कापातच त्याच तिरपेपणाने सरकव, एवढ्याने सुटतो. किंचित शेपटी राहिलीच असेल तर पातळ कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घास, पुष्कळ मिटते.

नागपूरसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते, आणि त्याच खोलीत आपण कूलर लावतो. कूलरच्या ओल्या झोतात बोर्डांचा गठ्ठा ठेवला तर वरच्या बोर्डाची एकच बाजू ओलावा पिते आणि तासाभरात तो वाटीसारखा वाकतो. वाकलेल्या बोर्डावर ब्लेडची खोली एकसारखी राहत नाही. मी उन्हाळ्यात पहाटे कापतो, कूलर बंद ठेवून, आणि बोर्ड आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत सपाट, वर वजन ठेवून ठेवतो. पावसाळ्यात उलट त्रास. कागद ओलावा घेऊन पसरतो. तुझी प्रिंट चारही बाजूंनी डबल टेपने जखडलेली होती, तिला पसरायला जागा नव्हती, म्हणून ती वर उचलली गेली. त्याच लाटा.

म्हणून प्रिंट जखडायची नाही, नुसती धरून ठेवायची. लॅबच्या प्रिंटला मागे प्लॅस्टिकचा थर असतो, त्यावर खळ नीट धरत नाही. तिला कागदी कोपरे कर. पातळ ॲसिड-फ्री कागदाची २५ बाय ७५ मिमीची पट्टी घे, मधोमध दोन्ही टोकं खाली दुमडली की त्रिकोणी खिसा होतो. असे चार खिसे मागच्या बोर्डाला ॲसिड-फ्री टेपने चिकटव, प्रिंटचे कोपरे त्यात सरकव आणि एक-दीड मिमी सैल ठेव. तुझ्या पांढऱ्या बॉर्डरचा इथे उपयोग होतो. ६ मिमी दिसल्यावरही वर-खाली १९ आणि बाजूंना ३२ मिमी कागद माउंटखाली लपलेला राहतो, खिसे त्यातच सामावतात. जाड कॉटन पेपरवरची इंकजेट प्रिंट असेल तर वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावायच्या आणि प्रिंट त्यावर लोंबती ठेवायची.

मागचा बोर्ड माउंटच्याच मापाचा घे आणि दोन्ही वरच्या लांब कडेला टेपने जोड, वहीसारखे उघडतात. प्रिंट आत ठेव, माउंट मिटून बघ, सरकव, पुन्हा बघ. ६ मिमीची पट्टी चारही बाजूंना सारखी दिसेपर्यंत खिसे पक्के करायचे नाहीत. सनबोर्डावर, म्हणजे फोमच्या हलक्या शीटवर, प्रिंट थेट चिकटवण्याची आपल्याकडची रीत प्रदर्शनाला ठीक आहे, पण ती प्रिंट पुन्हा सुटत नाही. स्पर्धेच्या प्रिंटसाठी मी ती सुचवणार नाही.

नाव आणि शीर्षक मागे, कागदी चिठ्ठीवर आधीच लिहून मग चिकटव. पाठीवर बॉलपेनने लिहिलं तर दाब पुढे उमटू शकतो. मागे उघडा चिकटपणा किंवा टोकदार काहीही राहू देऊ नकोस. परीक्षणाच्या टेबलावर प्रिंट एकमेकींवर रचतात आणि तुझ्या टेपने दुसऱ्याची प्रिंट खरवडली जाते.

पुढच्या स्पर्धेआधी रविवारी सकाळी सहाला माझ्याकडे ये. मूळ फाईल पेनड्राइव्हवर आण आणि ती जुनी प्रिंटही आण, माउंटसकट. आधी ती उघडून डबल टेप कुठे कुठे लावलाय ते बघू, मग तुझ्या हाताने दोन खिडक्या कापून घेऊ, एक उरलेल्या तुकड्यावर आणि एक खऱ्या बोर्डावर.